वाचलेला वेळ कोणाचा?

१८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात डॉ. रेने लेनेक यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावून तपासणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली. एक टोक तिच्या हृदयावर ठेवले, दुसऱ्याला आपला कान लावला. नुसत्या कानाने कधी ऐकू आले नव्हते इतके स्पष्ट ठोके त्यांना ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. साधन मध्ये आले म्हणून वैद्य रुग्णापासून दुरावला नाही. उलट त्याची वेदना त्याला अधिक नीट कळली.

म्हणूनच आरोग्यसेवेतील संगणक आणि मोबाइल यांविषयी ‘यंत्र की माणूस?’ असा प्रश्न करणे आम्हांस अपुरे वाटते. प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वाळूचे एका मिनिटाचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन घडविले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा चालला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. निरक्षर दाईलाही या साधनाने श्वास मोजता येऊ लागले. मोजणी साधनाकडे गेली. बाळाच्या घरी जाणे आणि घाबरलेल्या आईला विश्वास देणे दाईकडेच राहिले. आजच्या तंत्रज्ञानालाही हाच न्याय लागू पडतो. २०१९ साली सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’मुळे खेड्यातील उपकेंद्रातून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. परंतु पडद्यावरच्या डॉक्टरांना रुग्णाचे पोट दाबून पाहता येत नाही. तो हात उपकेंद्रातील आरोग्य कर्मचाऱ्याचाच असावा लागतो.

वाटणी चुकली की काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०२१ साली महाराष्ट्रातील अनेक अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल शासनाला परत केले. ते वारंवार बिघडत होते आणि माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत होते. त्या सेविकांना प्रगतीचे वावडे होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. साधनाने सेविकेचा भार हलका करावयाचा, तो तिच्याच खांद्यावर बसला होता.

नोंदी नकोत, असे आमचे म्हणणे नाही. नोंद नसेल तर एखादे बालक लसीवाचून राहते, क्षयरोग्याचे औषध मध्येच सुटते. परंतु तीच माहिती एकदा वहीत आणि पुन्हा मोबाइलमध्ये भरावी लागत असेल, तर त्या दुसऱ्या नोंदीची किंमत कोण मोजतो? जिच्या घरी आज सेविका पोहोचू शकली नाही, ती बाळंतीण.

यंत्राने वाचविलेला वेळ कोणाचा, हा आमच्या मते या विषयातील नैतिक प्रश्न होय. परिचारिकेची वीस मिनिटे वाचली म्हणून तिच्याकडे आणखी दहा रुग्ण सोपविले, तर तो वेळ व्यवस्थेने घेतला. तीच वीस मिनिटे ती एखाद्या वृद्धाच्या खाटेशी बसली, तर तो वेळ त्याच्या खऱ्या धन्याकडे, म्हणजे रुग्णाकडे, परत गेला.

रुग्णालयात नवे यंत्र आले की त्याची किंमत आणि वेग आपण कौतुकाने विचारतो. यापुढे तेथील परिचारिकेलाही विचारावे: हे आल्यापासून रुग्णापाशी बसावयास तुम्हांला अधिक वेळ मिळतो का?