वाचन आणि सचोटी

प्राथमिक शाळेंत धडा वाचून झाला म्हणजे शिक्षक विचारतात, “समजलें का?” आणि चाळीस मुखांतून एका सुरांत उत्तर येतें, “हो!” हा ‘हो’ आपल्या इतक्या अंगवळणीं पडला आहे कीं, तो खरा कीं खोटा याचा विचार करावा असें कोणाच्या मनांत येत नाहीं. मुलांना वाचलेलें समजावें कसें, हा प्रश्न सामान्यतः अध्यापनशास्त्राचा समजला जातो, आणि तो तसा आहेहि. परंतु त्याच्या मुळाशीं नीतीचा एक प्रश्न आहे. जें समजलें नाहीं तें समजलें असें निःसंकोचपणें म्हणावयास आपण मुलांना नकळत शिकवीत आहों काय? आणि तसें असेल तर वाचन शिकवितां शिकवितां आपण त्यांच्यापासून कांहीं मोलाचें काढून तर घेत नाहीं ना?

प्रथम वाचन म्हणजे काय तें पाहूं. अक्षरें ओळखून त्यांचा उच्चार करणें हें त्याचें एक अंग, व त्या शब्दांतून लिहिणाराचा आशय आपल्या मनांत उभा करणें हें दुसरें. पहिलें कानाला ऐकूं येतें, दुसरें कोणालाच दिसत नाहीं. त्यांतून आपली देवनागरी लिपि मोठी उदार आहे. बाराखडी व जोडाक्षरें यांवर एकदां हुकमत आली कीं मूल वाटेल तो शब्द उच्चारूं शकतें, मग तो त्यानें जन्मांत ऐकलेला नसला तरी चालतें. इंग्रजींत अपरिचित शब्दापाशीं मूल बहुधा अडखळतें आणि त्याचें अज्ञान उघडें पडतें. मराठींत तें अस्खलित पुढें जातें. लिपीचा हा गुणच शिक्षकाला आणि पालकाला फसवितो. मूल घडाघडा वाचतें म्हणजे त्याला समजतें, असें आपण गृहीत धरतों.

प्रश्नोत्तरांनीं ही फसगत उघडकीस येईल असें वाटेल. पण तसें होत नाहीं. उदाहरणार्थ, ‘चिरपट रोज सकाळीं गोलमीला मिरकावतो’ हें वाक्य घ्या. यांतील तीन शब्दांना कसलाच अर्थ नाहीं. तरीहि ‘चिरपट गोलमीला केव्हां मिरकावतो?’ असा प्रश्न केल्यास दुसरींतील मूल ‘रोज सकाळीं’ असें बरोबर उत्तर लिहील व पूर्ण गुण मिळवील. ‘एका वाक्यांत उत्तरें लिहा’ या सदराखालील पुष्कळ प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नांतला शब्द धड्यांत हुडकावयाचा आणि त्याच्या शेजारचें वाक्य उतरून काढावयाचें, ही युक्ति मुलें फार लवकर आत्मसात करतात. तिला लबाडी म्हणणें अन्यायाचें होईल, कारण शाळेनें मागितलें तेवढें तीं देतात.

मालाडसारख्या उपनगरांत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. मढ-मार्व्याच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची बोली, ऑर्लेमच्या जुन्या ख्रिस्ती वस्तींतील मराठी, मालवणींत ऐकूं येणारी उर्दू व हिंदी, पूर्वेकडे कुरार-दिंडोशींत कोंकणांतून व घांटावरून आलेल्या कुटुंबांच्या नाना तऱ्हेच्या मराठी बोली, आणि स्टेशनाजवळच्या पेठेंतली गुजराती, हें सर्व एवढ्याशा टापूंत नांदत आहे. मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतून आठ भाषांत शिक्षण देते, ही गोष्ट तिला भूषणावहच आहे. तथापि, घरची बोली एक, शाळेची प्रमाणभाषा दुसरी, आणि अलीकडे आईबापांनीं हौसेनें निवडलेलें माध्यम तिसरेंच, अशा स्थितींत असंख्य मुलें पहिल्या इयत्तेंत पाऊल टाकतात. त्यांच्यापुढें येणारा प्रत्येक नवा शब्द हा आधीं ध्वनि असतो. तो ध्वनीच राहतो कीं त्याचा शब्द होतो, हें पुढच्या तीन-चार वर्षांत ठरतें.

मग आपण मोजतों तें काय? ‘असर’ या नांवानें २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागांत मुलांच्या वाचनाची पाहणी होत आली आहे. २०२४ च्या पाहणींत असें दिसलें कीं, पांचवींत शिकणाऱ्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचतां येतो. ही स्थिति चिंताजनक आहे यांत शंका नाहीं, आणि ती उजेडांत आणणारांचे उपकारच मानले पाहिजेत. पण ही कसोटी मुख्यतः मोठ्यानें वाचण्याची आहे. जीं निम्मीं मुलें उत्तीर्ण झालीं त्यांना त्या मजकुराचा अर्थ कितपत कळला, हें तिच्यावरून सांगतां येत नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें ‘निपुण भारत’ मोहीम हातीं घेतली. तिसरीच्या अखेरीस मुलानें मिनिटाला निदान साठ शब्द, अर्थ समजून, वाचावे असें तिचें उद्दिष्ट आहे. यांतील ‘साठ शब्द’ घड्याळानें मोजतां येतात, ‘अर्थ समजून’ हें मोजतां येत नाहीं. आणि जें मोजतां येतें तें जें मोजतां येत नाहीं त्याला हळूहळू गिळून टाकतें, हा सर्व परीक्षांचा अनुभव आहे.

अर्थावांचून अध्ययन ही कांहीं आजची व्याधि नव्हे. वेद पढून त्याचा अर्थ न जाणणाऱ्यास यास्काचार्यांनीं निरुक्तांत ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. आपल्या नैयायिकांनीं तर वाक्याचा बोध होतो कसा याचा बारकाईनें विचार केला. शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, ते जवळ जवळ उच्चारलेले हवेत, आणि त्यांच्या अर्थांचा एकमेकांशीं मेळ बसला पाहिजे. आकांक्षा, संनिधि आणि योग्यता या त्या तीन अटी होत. ‘विस्तवानें झाडें शिंपलीं’ या वाक्यांत पहिल्या दोन आहेत, तिसरी नाहीं. शिंपण्याची योग्यता पाण्यांत आहे, विस्तवांत नाहीं. हें वाक्य वाचतांना जो थबकतो तो अर्थासाठीं वाचतो असें समजावें.

मुलें थबकतात काय? अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिसरी ते सहावीच्या मुलांपुढें परस्परविरोधी मजकूर ठेवला. समुद्राच्या तळाशीं अजिबात उजेड नसतो असें एके ठिकाणीं म्हटलें होतें, आणि तेथील मासे आपलें भक्ष्य रंगावरून ओळखतात असें लगेच पुढें! हें लिखाण समजण्याजोगें आहे कीं नाहीं तें तुम्ही सांगा, असें मुलांना विनविलें असतांहि पुष्कळांना, अगदीं सहावींतल्यांनाहि, त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. मात्र मजकुरांत कांहींतरी चुकलें आहे अशी आधीं सूचना दिल्यावर मोठ्या मुलांना दोष बराच अधिक सांपडूं लागला. यावरून मला असें वाटतें कीं, त्यांच्या ठिकाणीं बुद्धीची वाण नव्हती. छापलेल्या मजकुरावर शंका घेण्याची परवानगी तेवढी नव्हती. ‘हें मला समजत नाहीं’ असें स्वतःशीं म्हणतां येणें ही समजण्याची पहिली पायरी आहे. आणि वर्गांतला तो सामुदायिक ‘हो’ नेमकी हीच पायरी उखडून टाकतो.

आतां उपायाकडे वळूं. शिक्षकानें अर्थ सांगावा, हा रूढ उपाय. पण सांगितलेला अर्थ हें पुष्कळदा दुसरें पाठांतर ठरतें. ‘पंकज म्हणजे कमळ’ हें ज्यानें घोकलें त्याच्यापाशीं एकाऐवजीं दोन ध्वनि आले, इतकेंच. डोलोरेस डर्किन यांनीं अमेरिकन शाळांचें निरीक्षण करून १९७८-७९ सालीं जो निष्कर्ष मांडला तो आजहि विचार करावयास लावणारा आहे. चौथीच्या वर्गांतील वाचनपाठांच्या ४,४६९ मिनिटांपैकीं अर्थ कसा लावावा हें शिकविण्यांत गेलीं अवघीं २० मिनिटें! प्रश्न विचारून परीक्षा मात्र भरपूर घेतली जात होती. पोहावयास न शिकवितां पोहण्याची परीक्षा घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार.

अर्थ लावणें शिकवितां येतें, आणि त्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एखाद्या ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्याचीं मीमांसकांचीं गमकें लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या आरंभींच सांगितलीं आहेत: आरंभ व शेवट, वारंवार सांगितलेली गोष्ट, नवीन सांगितलेली गोष्ट, फल, स्तुति-निंदेचा भाग, आणि युक्तिवाद. हीं नांवें आठ वर्षांच्या मुलाला सांगण्याचें कारण नाहीं. पण गोष्ट सुरू कोठें झाली व संपली कोठें, कोणती गोष्ट पुन्हां पुन्हां आली, यांत तुला ठाऊक नव्हतें असें काय, हें सारें लेखकानें कशासाठीं सांगितलें असेल, हे प्रश्न त्याला सहज पेलतात. पॅलिंक्सार व ब्राउन यांनीं १९८४ सालीं वर्णन केलेली पद्धतिहि याच मार्गानें जाते. तींत मुलें आळीपाळीनें शिक्षक होतात; पुढें काय येईल त्याचा अंदाज करतात, प्रश्न विचारतात, अडलेलें उलगडतात आणि सारांश सांगतात. मूल स्वतः प्रश्न विचारूं लागलें कीं त्या सामुदायिक ‘हो’ला वर्गांत जागाच उरत नाहीं.

याशिवाय एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. जें वाचावयाचें त्याविषयीं आधींचें कांहीं ज्ञान असल्यावांचून अर्थ लागत नाहीं. मढच्या कोळ्याच्या मुलाला भरती-ओहोटी, जाळें, वाऱ्याची दिशा, मांडवावर वाळणारे बोंबील यांविषयींचा उतारा द्या. वर्गांत मागें बसणारें तें मूल पहिल्या बांकावरच्या मुलालाहि अर्थ सांगूं लागल्यास नवल नाहीं. रेक्ट व लेस्ली यांनीं १९८८ सालीं बेसबॉलच्या सामन्याचें वर्णन मुलांना वाचावयास देऊन हेंच दाखवून दिलें. वाचनांत कच्चीं पण खेळ जाणणारीं मुलें, वाचनांत तरबेज पण खेळ न जाणणाऱ्या मुलांहून अधिक समजलीं. तेव्हां ‘मठ्ठ’ हा शिक्का मारण्यापूर्वीं आपण त्या मुलाला कोणत्या जगाबद्दल विचारीत आहों हें पाहणें, ही साधी न्यायबुद्धि होय.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आपली परंपरा पाठांतराची. आधीं मुखोद्गत करावें, अर्थ वयाबरोबर उमगतो. यांत तथ्य आहे, आणि मी पाठांतराचा शत्रु नाहीं. लहानपणीं कानांत सांठवलेला अभंग किंवा श्लोक चाळिसाव्या वर्षीं अचानक बोलूं लागतो, हा अनेकांचा अनुभव आहे. परंतु स्तोत्र म्हणणाऱ्या मुलाला आपणांस अर्थ ठाऊक नाहीं हें ठाऊक असतें, व त्याचे वडीलहि तसें भासवीत नाहींत. तेथें अज्ञान आहे, पण ढोंग नाहीं. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. एका वर्गांत इतकीं मुलें, अभ्यासक्रम इतका मोठा, प्रत्येकाला समजलें कीं नाहीं हें पाहावयास वेळ कोठून आणावा? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी शिक्षकाच्या एकट्याच्या माथीं मारणें अन्यायाचें आहे. तरी एवढें म्हणतां येईल कीं, दहा धडे न समजतां संपविण्यापेक्षां सहा समजून वाचणें हें वेळेचा अपव्यय खास नव्हे.

घरानें काय करावें? सुशिक्षित घरांत मूल वाचावयास बसलें कीं ‘किती पानें झालीं?’ असें आपण विचारतों. त्याऐवजीं ‘त्यांतलें तुला पटलें नाहीं असें काय?’ असें विचारून पाहावें. ज्या घरांत आईला अक्षरओळख नाहीं तेथेंहि मार्ग बंद नाहीं, कारण अर्थबोधाची पहिली शाळा कान ही आहे. गोष्ट ऐकणें, ती पुन्हां सांगणें, ‘मग काय झालें?’, ‘असें कां केलें?’ असें विचारणें, यांतच वाचनाचें बी असतें. बहिणाबाई चौधरींना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं त्यांचीं गाणीं प्रसिद्ध झालीं आणि महाराष्ट्र थक्क झाला. त्यांच्यापाशीं अक्षर नव्हतें, अर्थ उदंड होता. आपल्या शाळा मुलांना अक्षर देऊन अर्थाला पारख्या करूं लागल्या, तर त्या साक्षरतेचा अभिमान कशाच्या बळावर बाळगावा?

वर्गांतला ‘हो’ वर्गांतच राहता तर एवढें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. पण तो मुलाबरोबर मोठा होतो. मालाडच्या चाळींतून व झोपडवस्त्यांतून आज पुनर्वसनाचीं संमतिपत्रें व करारनामे फिरत असतात. पूर्वींचा अंगठेबहाद्दर मनुष्य कागद पुढें आला कीं म्हणे, “वाचून दाखवा, काय लिहिलें आहे तें सांगा.” त्याचें अज्ञान त्याला लपवावें लागत नसे, म्हणून तेंच त्याचें संरक्षण होतें. आजचा साक्षर मनुष्य तोच कागद वरपासून खालपर्यंत वाचतो, त्याला कांहीं उमगत नाहीं, आणि दहा जणांसमक्ष तें कबूल करण्याची लाज वाटून तो सही करतो. ही लाज तो कोठें शिकला? ‘समजलें का?’ या प्रश्नाला नकार देणारें एकच मूल उभें राहिलें असतां ज्या वर्गांत हंशा पिकला, तेथेंच कदाचित्.

म्हणून, प्राथमिक शाळेंतील वाचनाची कसोटी मला विचाराल तर ती मिनिटाला किती शब्द ही नव्हे. धडा संपल्यावर एखादें मूल बोट पुस्तकावर ठेवून, न भितां, ‘गुरुजी, हें येथपर्यंत कळलें, येथून पुढें कळलें नाहीं’ असें म्हणूं शकतें काय, आणि तसें म्हटल्याबद्दल त्याला शाबासकी मिळते काय, ही ती कसोटी होय. कळल्याची व न कळल्याची सीमा ज्याला दाखवितां येते, त्याचें वाचन सुरू झालें आहे. आणि ती दाखवावयास तो कचरत नाहीं तोंवर त्याची सचोटीहि शाबूत आहे.