काइकाकू कोणाची?

जपानी ‘काइकाकू’ म्हणजे सुधारणा, हा अर्थ चुकीचा नाही. पण सुधारणा म्हटलं की मराठी वाचकापुढे जोतीराव फुले उभे राहतात, १८८८ साली ‘सुधारक’ काढणारे आगरकर उभे राहतात. सत्ता त्यांच्या हाती नव्हती, समाजाचा रोष मात्र वाट्याला आला. हे चित्र मनात ठेवून काइकाकूकडे गेलं तर वाट चुकते. जपानी इतिहासात ती बहुतेकदा वरून येते.

तिच्या दोन चित्राक्षरांपैकी पहिल्याचा अर्थ बदलून नीट करणं. दुसऱ्याचा मूळ अर्थ केस काढून साफ केलेलं कातडं, आणि क्रांतीसाठीच्या ‘काकुमेई’ या शब्दातही तेच अक्षर आहे. रोजच्या कामातल्या लहान लहान सुधारणांना ही अक्षरजोडी लावत नाहीत. त्यासाठी ‘काइझेन’ आहे. तो शब्द आता पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतही रुळला आहे. इंग्रजी ‘रिफॉर्म’चं ‘रिफोमू’ झालं, पण त्याचा अर्थ प्रामुख्याने घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण असा राहिला. काइकाकूच्या आधी मात्र शासन, राजकारण, शेतजमीन असे भारदस्त शब्द येतात. ‘इशिकी काइकाकू’, म्हणजे मनोवृत्तीतला बदल, हीसुद्धा बहुधा कंपनीने कर्मचाऱ्यांकडे केलेली मागणी असते.

शाळेत जपानी मुलं एदो काळातल्या तीन मोठ्या काइकाकू शिकतात : क्योहो, कान्सेई आणि तेनपो. पहिलीत शोगुन योशिमुनेने १७२१ मध्ये लोकांसाठी तक्रारपेटी ठेवली. एका डॉक्टरने त्या पेटीत टाकलेल्या अर्जावरून पुढच्याच वर्षी कोइशिकावाला गरिबांसाठी मोफत रुग्णालय उभं राहिलं. राज्यकर्त्याने ऐकलं की काय घडू शकतं, त्याचा हा सुंदर दाखला. पण शेतकऱ्यांवरचा सारा वाढला तोही याच काइकाकूत. तिसरीत, १८४१ नंतर, शोगुनचा मुख्य मंत्री मिझुनो तादाकुनी याने काटकसरीची फर्मानं काढली, काबुकी नाट्यगृहं शहराच्या कडेला हलवली आणि खेड्यांतून एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आलेल्यांना परत गावी धाडण्याचा हुकूम काढला. १८४३ मध्ये तो पदावरून गेला तेव्हा लोकांनी त्याच्या वाड्यावर दगडफेक केली. या सुधारणांचा मोठा भाग लोकांना आपापल्या जागी परत बसवण्याचा होता. उलट, पहिल्या दोन काइकाकूंच्या मधल्या काळात व्यापाऱ्यांच्या संघांकडून कर घेऊन तिजोरी भरू पाहणाऱ्या, दलदल उपसून जमीन मिळवू पाहणाऱ्या तानुमा ओकित्सुगू या मंत्र्याच्या कारभाराला हे नाव मिळालं नाही. त्याच्या वाट्याला लाचखोरीची कीर्ती आली. मला हे नामकरण फार बोलकं वाटतं.

रस्त्यावरच्या माणसांचा शब्द निराळा होता : ‘योनाओशी’, जग सरळ करणं. १७८४ मध्ये तानुमाच्या मुलावर एदोच्या किल्ल्यात प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर तांदूळ स्वस्त झाला आणि लोकांनी हल्लेखोर सानोला योनाओशीचं दैवत ठरवलं. पुढे १८६६च्या शेतकरी उठावांनाही हाच शब्द चिकटला.

म्हणून वरून आलेली प्रत्येक काइकाकू पोकळ, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची ‘नोची काइकाकू’, म्हणजे शेतजमिनीची सुधारणा, आपल्या कूळकायद्याची सख्खी बहीण. जपान तेव्हा अमेरिकी ताब्याखाली होता. १९४६च्या कायद्याने गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदारांची कुळांकडची सगळी जमीन सरकारने विकत घेऊन कुळांना दिली. कुळांकडून कसली जाणारी जमीन सुमारे ४६ टक्के होती. ती १९५० पर्यंत १० टक्क्यांवर आली. कोट्यवधी माणसांचं आयुष्य एवढ्या थोड्या वर्षांत बदलणारी दुसरी काइकाकू मला दिसत नाही.

पण शब्द सरकारच्या मुठीत राहिला की शंका घेणारा आपोआप सुधारणेचा वैरी ठरतो. पंतप्रधान कोइझुमींच्या काळात टपालखात्याच्या खासगीकरणाला विरोध करणाऱ्यांना ‘तेइको सेइर्योकू’, म्हणजे आडवी येणारी ताकद, असं नाव पडलं. ऑगस्ट २००५ मध्ये वरिष्ठ सभागृहाने विधेयक फेटाळलं. कोइझुमींनी कनिष्ठ सभागृह बरखास्त केलं आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ४८० पैकी २९६ जागा मिळाल्या. टपालखात्याचं काय व्हावं, या प्रश्नाची जागा ‘तुम्ही काइकाकूच्या बाजूने की विरोधात’ या प्रश्नाने घेतली. लोकशाहीत हा प्रश्न असा विचारला जाणं मला धोक्याचं वाटतं.

२०१८च्या ‘हाताराकिकाता काइकाकू’त, म्हणजे कामाच्या पद्धतीच्या सुधारणेत, जादा कामाच्या तासांवर प्रथमच दंडासह मर्यादा आली. अतिश्रमाने मेलेल्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षं हेच मागत होते. त्याच कायद्यात जास्त पगाराच्या काही तज्ज्ञ कामगारांना तासांच्या मर्यादेतून वगळणारं कलमही होतं. ते काढा म्हणून हेच नातेवाईक आपल्या माणसांची छायाचित्रं घेऊन संसदेत गेले. कायदा त्या कलमासकट मंजूर झाला.