फूटबाईंचा निबंध उघडलास तरी का?

ये पुढे. हे तूच लिहिलंयस ना? मग वाच मोठ्यानं. ‘पाचांवर धावणारी ट्राम थांबवायला पुलावरच्या जाड्या माणसाला ढकलावं का, हे फिलिपा फूट यांचं सुप्रसिद्ध कोडं.’ कुठल्या पानावर आहे हे? सांग ना! गप्प का?

तो पूल फूटबाईंचा नाहीच. रुळांपाशी उभा राहून खटका ओढणारा तुझा तो वाटसरूही त्यांचा नाही. ही मंडळी ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी मागाहून आणली. फूटबाईंच्या १९६७च्या निबंधात जाडा माणूस आहे, पण तो गुहेच्या तोंडाशी अडकलाय, आत पाणी चढतंय आणि मागच्या सोबत्यांकडे सुरुंगाची दारू आहे. निबंध चाळला असतास तरी एवढं नजरेला पडलं असतं. विषय गर्भपाताचा. तो शब्द शीर्षकातच आहे, आणि तुझ्या अख्ख्या लेखात एकदाही नाही!

आणि न्यायाधीश कुठे गेला? बाईंनी त्याला आपल्या ट्रामचालकाच्या शेजारीच उभा केलाय. जमाव खवळलाय, गुन्हेगार हवाय म्हणतोय, नाहीतर एका समाजाची कत्तल करू म्हणतोय. खरा गुन्हेगार सापडत नाही. एका निरपराध्याला अडकवून फाशी दिलं की जमावाच्या तावडीतले पाच वाचतात. इथेही पाचांसाठी एकच जीव जातो ना? मग चालकानं ट्राम एकाच्या दिशेनं वळवलेली आपल्याला पटते आणि न्यायाधीशाच्या निकालानं अंगावर काटा येतो, असं का? बाईंचं उत्तर नीट ऐक. चालक कुठेही वळला तरी त्याच्या हातून माणूस मरणारच. म्हणून कमी मारणं हाच त्याचा मार्ग. न्यायाधीशापुढे एका बाजूला इतरांना वाचवण्याचं कर्तव्य आहे आणि दुसऱ्या बाजूला कुणाला न मारण्याचं. ही दोन एका मापाची नाहीत. सगळा निबंध या फरकावर उभा आहे, आणि तू खाली मतदान घेतल्यासारखे आकडे मांडलेस!

त्यांचे आजोबा ग्रोव्हर क्लीव्हलँड अमेरिकेचे अध्यक्ष होते, हे मात्र ठळक अक्षरांत लिहिलंस. शाब्बास. १९४५ साली छळछावण्यांची छायाचित्रं पाहिल्यावर बाईंच्या मनात काय बसलं, ते नाही लिहिलंस. चांगलं-वाईट ही ज्याची त्याची आवड असेल, तर नाझींना तुम्ही चुकलात असं म्हणायला तोंडच उरत नाही. ते तोंड मिळवायला त्यांनी उभी हयात घातली. १९७२मध्ये ठामपणे मांडलेलं स्वतःचंच मत पुढे सोडून दिलं. ‘नॅचरल गुडनेस’ हे पुस्तक आलं २००१ साली, तेव्हा वय ऐंशी. तुला एका रात्रीत उरकायची घाई!

हे परत ने. निबंध आधी वाच, मग लिहायला बस. सोमवारी आणशील तेव्हा पहिला परिच्छेद न्यायाधीशाचा हवा. आणि आजोबा खोड.