समान तराजू आणि उधारीची वही

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा एक तपस्वी येतो, जो जटांमध्ये पक्ष्यांनी घरटे करीपर्यंत निश्चल उभा राहिलेला असतो, आणि तरीही त्याला धर्म शिकण्यासाठी वाराणसीतील तुलाधार या दुकानदाराकडे जावे लागते. आपला तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखाच आहे, हे त्या दुकानदाराच्या धर्माचे सार. हा समभाव, म्हणजे आपपरभाव न ठेवता सर्वांना एकाच मापाने वागवणे, अमरावती-अकोल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घरच्या कापडदुकानाला पुरेसा ठरतो काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

हस्तलिखितांच्या भांडारांसाठी प्रसिद्ध असलेले कारंजा लाड याच प्रदेशातले. तेथील जैन परंपरेला प्रमाण असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे अतिचार, म्हणजे व्रत पूर्ण न मोडताही त्याला डाग लावणारे दोष, सांगितले आहेत. खोटे माप वापरणे आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे हे त्यांतले दोन. थानातून कापड फाडून देताना ते जरा ताणून मोजले की पहिला दोष सहज घडे. वजन-मापांच्या 1956 च्या कायद्यानंतर गजाच्या जागी मीटर आला, पुढे तयार कपडे छापील किमतीसह येऊ लागले आणि या लबाडीची संधीच आटली; परंतु ज्या दोषाला वाव उरला नाही तो टाळण्यात पुण्य कसले? दुसऱ्या दोषाची वाट उलट रुंदावली, कारण मिश्र धाग्याचे कापड सुती म्हणून पुढे केले तर ते नुसत्या स्पर्शाने ओळखणे अनेक गिऱ्हाइकांना जमत नाही.

खरी अडचण उधारीत आहे. पोळा-दसऱ्याचे कपडे घरात येतात तेव्हा कापूस शेतातच असतो, म्हणून पैसे तो विकल्यावर मिळतात, आणि 2017 सारखी गुलाबी बोंडअळी आली की वहीतले आकडे तसेच राहतात. सर्वांना एकच मुदत लावणे समभावाचे असले तरी निष्ठुर होय; सूट द्यावी, तर तिचा भार रोखीच्या गिऱ्हाइकावर पडतो आणि तराजू कलतो. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते, पण तो मार्ग दुकान चालवण्याचा नसून सोडण्याचा आहे.

या पेचात परिग्रहपरिमाण, म्हणजे स्वतःच्या मालमत्तेला आधीच मर्यादा घालून घेणारे जैन गृहस्थव्रत, अधिक उपयोगी वाटते: मर्यादेपलीकडच्या नफ्यातून उधारी माफ केली, तर सूट दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नव्हे, दुकानदाराच्याच वाट्यातून जाते. मात्र साखळी दुकाने आणि घरपोच विक्री यांनी नफा आक्रसला की मर्यादेपलीकडे काही उरत नाही, आणि मग माफीचा विचार करणाऱ्या दुकानदाराला आधी ती मर्यादाच किती खाली आणायची, हे घरातल्यांना विचारून ठरवावे लागते.