उसना चेहरा

दसऱ्याच्या सुट्टीत माझी भाची आली होती. वर्षभर खपून तिने एक खेळ रचला आहे. खेळ म्हटला की पळापळ आणि ठोसेबाजी, अशी माझी समजूत. पण हा खेळ वाचायचा असतो. पडद्यावर एक देखावा, त्यापुढे उभे असलेले एक पात्र, खाली त्याचे बोलणे. टिचकी मारली की पुढचे वाक्य येते, आणि मध्येच आपल्याला विचारतात, दार उघडायचे की परत फिरायचे? आपण निवडू त्या वाटेने कथा जाते. जपानात वाढलेल्या या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र समोर धरून रामायण गातात, त्याची मला आठवण झाली; मात्र तिथे रामाला परत फिरायला सांगण्याची सोय नाही!

भाचीची कथा एका आजीची आहे. कोकणातले घर विकायला निघाले आहे आणि म्हातारी ते सोडायला तयार नाही. ही म्हातारी म्हणजे माझी आईच, हे मला दुसऱ्याच वाक्याला कळले. चित्रे तर अशी देखणी की मी विचारले, "कुणी काढली गं?"

"कुणीच नाही, मामा. मी वर्णन लिहिलं, यंत्रानं काढली." मग जरा थांबून म्हणाली, "खेळ विकायला ठेवायचा तर यंत्राची चित्रं वापरलीत का, ते लिहून द्यावं लागतं. ते लिहायची मला लाज वाटते. का वाटते, तेच कळत नाही. तू सांग."

स्टीम नावाच्या खेळांच्या मोठ्या दुकानाने जानेवारी २०२४ मध्ये हा नियम केला. पण तिला नियमाचे नव्हे, लाजेचे उत्तर हवे होते.

तिची अडचण खोटी नाही. एकेका पात्राचे हसरे, रडवे, रागावलेले असे दहा चेहरे लागतात. खेळ बांधायचे रेनपाय हे साधन २००४ पासून फुकट मिळते. चित्रकार फुकट मिळत नाही, आणि मिळूही नये. नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलीने एवढे पैसे आणायचे कुठून?

ही चोरी आहे, असे चित्रकार म्हणतात. यंत्र शिकते ते असे: चित्रावर धुळीसारखे कण पसरत ते पार पुसून टाकायचे, आणि शब्दांच्या आधाराने ती धूळ उलट कशी झाडायची याचा सराव करायचा. २०२२ साली जाहीर झालेल्या लायन-५बी या संग्रहात चित्र आणि मथळा अशा ५८५ कोटी जोड्या नोंदल्या आहेत. त्या चित्रांच्या धन्यांना कुणी विचारले नव्हते. उसनवारीने मी दचकत नाही. घरातल्या जुन्या 'दीपावली' अंकांवरची दीनानाथ दलालांची चित्रे मी लहानपणी पातळ कागद ठेवून गिरवली आहेत. पण ती दलालांची आहेत हे मला ठाऊक होते, आणि माझ्या गिरवण्याने त्यांचे एकही काम बुडाले नाही. इथे ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याच पोटावर पाय येतो. हे मला सोडवत नाही.

कायद्याचे उत्तर मला अधिक चमत्कारिक वाटले. यंत्राच्या चित्रांनी सजलेल्या एका चित्रकथेबद्दल अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीने फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्णय दिला, की शब्द आणि मांडणी लेखिकेची. चित्रांवर मात्र तिचा हक्क नाही. म्हणजे माझ्या आईच्या तोंडचे शब्द माझ्या भाचीचे, आणि आईचे तोंड कुणाचेच नाही!

मी तिला दोन जपानी खेळ दाखवले. १९९४ च्या 'कामाइताची नो योरु'मध्ये माणसांना चेहरेच नाहीत. साऱ्या निळ्या सावल्या. २००२ साली टोकियोच्या कॉमिकेट जत्रेत विकायला आलेल्या 'हिगुराशी'ची चित्रे लेखकाने स्वतःच काढली होती. पात्रांचे पंजे हातमोजे घातल्यासारखे फुगीर. मागचे देखावे फोटोंवरून केलेले. तरी लोक त्यात रंगून गेले. तथापि हे सांगताना मला माझाच संशय आला. दुसऱ्याने वेडेवाकडे काढावे, असा उपदेश करायला आपले काय जाते?

मग मी आजीच्या चित्राकडे नीट पाहिले. वर्णनात भाचीने 'सत्तर वर्षांची प्रेमळ मराठी आजी' असे लिहिले होते. यंत्राने प्रेमळ आजी दिली होती; सोनेरी उजेडात बसलेली, नऊवारीचा काठ कुठून निघून कुठे जातो त्याचा पत्ता नाही, कुंकू एका चित्रात मोठे तर दुसऱ्यात बारीक. आमची आई गूळ कुलपात ठेवी. घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिने डोळ्याला डोळा भिडवून सांगितले होते, की विहीर होळीलाच आटते. विहीर कधीही आटत नव्हती. गिऱ्हाईक गेले.

"तो विहिरीचा प्रसंग कुठे आहे?" मी विचारले.

ती एकदम गप्प झाली. "लिहिला होता, मामा. पण हा चेहरा खोटं बोलेल असं वाटेना. कसंतरीच दिसायला लागलं, म्हणून काढून टाकला."

आम्ही दोघेही थोडा वेळ पडद्याकडे बघत बसलो. ती प्रेमळ बाई आमच्याकडे बघून हसत होती.

रात्री तिने तो प्रसंग परत घातला. तिथे आता चित्र नाही. काळोख्या पडवीत एक निळी सावली उभी आहे. बाकीची चित्रे अजून आहेत. काही दिवसांनी बदलीन म्हणते. त्यावरून आमचा थोडा वाद झाला. विचारले होते ते मात्र तिने खरे लिहून दिले. जाताना तिने आईचा एक फोटो मागून नेला. कुणाच्याशा मुंजीतला आहे. उन्हामुळे डोळे बारीक झालेत आणि फोटो काढणाऱ्यावर ती चिडलेली दिसते.