डीजेचे डोळे

ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने पुढे गाजलेला जोसेफ सॅडलर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढला. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला पोरगा. तबकडीवरचा काही सेकंदांचा नुसत्या ड्रमचा तुकडा ठोका न चुकवता पुन्हा पुन्हा कसा वाजवायचा, हा एकच ध्यास. सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्यापायी त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं. टर्नटेबलच्या रबरी बैठकीवर तबकडी हवी तशी सरकेना. आई शिवणकाम करायची, त्यामुळे कापडाची समज होती. त्याने फेल्टची गोल चकती कापली, स्टार्च फवारून कडक केली आणि तबकडीखाली घातली. तुकडा कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून तबकडीवर रंगीत खडूने खुणा केल्या. एवढी सिद्धता करून तो लोकांपुढे उभा राहिला. एकामागून एक उत्तम तुकडे, सांधा कुठेही जाणवत नाही. आणि लोक? व्याख्यानाला आल्यासारखे बघत उभे. त्या दिवशी घरी जाऊन रडलो, असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे.

त्याच ब्राँक्समधला क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क. मूळचा जमैकाचा. त्याचं काम फ्लॅशच्या मानाने ओबडधोबड. ११ ऑगस्ट १९७३ला सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत त्याच्या बहिणीने पार्टी ठेवली, शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांचे पैसे जमवायला. हर्क तिथे वाजवायला होता, आणि हिप-हॉपचा जन्म म्हणून आज तीच तारीख साजरी होते. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना हर्कचे ठोके जुळतच असं नाही. पण त्याने एक गोष्ट हेरली होती. गाणं सुरू झालं तरी काही जण नुसते ताटकळत उभे असत; मधोमध गायक आणि बाकीची वाद्यं गप्प होऊन ड्रम एकटा उरला, की तेवढ्यापुरते पुढे येऊन तुटून पडत. तो तुकडा काही क्षणांत संपे आणि मंडळी पुन्हा मागे. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती घेतल्या आणि तो तुकडा आलटून पालटून लांबवत नेला.

हर्कने आधी माणसं पाहिली, फ्लॅशने आधी यंत्र. (फ्लॅश हुशार, त्याने लवकरच माइक दुसऱ्याच्या हाती देऊन लोकांना बोलतं केलं आणि मग त्याचं तंत्र सगळ्यांना डोक्यावर घ्यावंसं वाटलं.) गर्दीला चढवणारा जादूगार म्हणून डीजेकडे पाहायची आपल्याला सवय आहे, पण ती चढण्याची तयारी माणसं घरूनच घेऊन येतात. कुणी आठवड्याचा राग घेऊन येतो, कुणी लाज, कुणी नवे बूट. त्यांना किती वेळ वाट पाहायला लावायची आणि कधी मोकळं सोडायचं, डीजेची खरी कसोटी तिथे लागते.

हातांचं काम शिकता येतं. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या ‘सँक्च्युअरी’ क्लबात फ्रान्सिस ग्रासो १९७०च्या सुमारास दोन तबकड्यांचे ठोके एकमेकांवर बसवू लागला, तेव्हा ती कमाल होती. आज लॅपटॉप ते आपोआप करतो. चालू गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं आणि पुढचं १२० चं असेल, तर पुढच्याचा वेग किंचित वाढवायचा, हेडफोन एका कानाला लावून दोन्ही ऐकायची, आणि सोळा किंवा बत्तीस ठोक्यांचं आवर्तन संपतं तिथे नवं गाणं आत घ्यायचं. दोन गाण्यांचे बेस एकावर एक आले की नुसता चिखल होतो. म्हणून जुन्याचा बेस उतरवायचा आणि त्याच क्षणी नव्याचा चढवायचा. फ्लोअरवरच्या माणसाला गाणं बदललं हे कळतही नाही, पाय मात्र नवी वाट धरतात.

बेसचं तर प्रकरणच वेगळं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका प्रत्यक्ष मैफलीत अगदी खालच्या पट्टीचे, कानाला जवळपास न जाणवणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले आणि श्रोत्यांची हालचाल मोजली. ते स्पीकर चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते. निष्कर्ष २०२२मध्ये छापून आले. डीजेंना मात्र हे मोजमाप न करताच ठाऊक होतं. बेस काढून घेतला की पाय सैल पडतात, हात वर जातात, माणसं एकमेकांकडे बघतात. थोडं ताणून तो परत दिला की सगळे एकदम जमिनीवर.

या युक्तीची पुढे वाट लागली. मोठ्या महोत्सवांत कलाकाराला तासभर मिळतो, वर दिवे, पडद्यावरची चित्रं आणि आतषबाजी आधीच गाण्यांच्या क्रमाला बांधलेली. समोर पन्नास हजार माणसं कंटाळली तरी क्रम बदलायची सोय नाही. मग दर तीन मिनिटांनी ताण, स्फोट, ताण, स्फोट. लोक उड्या मारतात, नाही असं नाही. पण हे बघून मला पाठ केलेलं भाषण आठवतं, ज्यात टाळ्यांच्या जागासुद्धा आधीच लिहिलेल्या असतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला डेव्हिड मॅन्कुसो. १४ फेब्रुवारी १९७० पासून तो न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत पार्ट्या देऊ लागला. ‘लॉफ्ट’ म्हणत त्या जागेला. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश, दारूविक्री नाही, फळं आणि सरबत. पुढे तर त्याने मिसळणंही सोडून दिलं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये थोडी शांतता, मग पुढचं. तरी लोक सकाळपर्यंत नाचत. त्याच्या रात्रीचे तीन टप्पे असत: आधी शांत जमवाजमव, मग जत्रा, आणि शेवटी माणसाला हळूहळू पुन्हा घराच्या वाटेला लावणारं संगीत. आपल्याला हे परकं वाटू नये. गोंधळी आधी गण म्हणतो, देवांना आवतण देतो, कथेला हात नंतर घालतो. शास्त्रीय मैफलीत भैरवी सुरू झाली की श्रोता चपला कुठे ठेवल्या ते आठवू लागतो. रात्रभर माणसं धरून ठेवायची तर चढण जितकी लागते तितकीच उतरणही लागते.

गोव्यात ही उतरण सूर्याने ठरवली. ऐंशीच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर लॉरंट नावाचा फ्रेंच डीजे कॅसेटवर वाजवायचा. धूळ आणि उन्हात तबकड्या टिकायच्या नाहीत, आणि कॅसेटवर ठोके जुळवणं जवळजवळ अशक्य. हातात उरलं ते फक्त काय वाजवायचं आणि कशानंतर. गाण्यांतले शब्द कापून उरलेलं संगीत लांबवायचं, रात्री गडद आणि पहाटे उजळ वाजवायचं, हे तिथून गोवा ट्रान्स या संगीतप्रकारात आलं. गोवा गिल या नावाने ओळखला जाणारा अमेरिकन डीजे तर दिवसरात्र न थांबता वाजवी. २०२३मध्ये तो वारला. नाचणाऱ्यांच्या कडेला चटया टाकून चहा विकणाऱ्या गावच्या बायकांना मात्र ही उतरण फार उशिरा येत असणार.

आता मिरवणूक. तिथल्या डीजेवर रागावणं सोपं आहे, मीही रागावतो. पण त्याची जागा बघा. समोर ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत, तो भिंतीच्या मागे किंवा वर. नाचणारे दर चौकात बदलतात. पुढच्या मंडळाचा डॉल्बी हाकेच्या अंतरावर, त्याचं गाणं ह्याच्या गाण्यात घुसतंय. सुपारी ठरताना अध्यक्ष विचारतो ते ‘बेस किती, टॉप किती’. वाजवणारा कोण हे विचारत नाही. बघायला माणसं नाहीत, ताणायला वेळ नाही, एकच खटका हातात उरतो, आवाजाचा. त्यातही गणित विरोधात. आवाज दहा डेसिबलने चढवायचा तर शक्ती दहापट लागते आणि कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणून भिंती दरवर्षी वाढतात आणि मजा तेवढीच राहते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत ती पहिल्या गाण्यातच पार होते. कायदा हवाच, पोलिसांनी तो पाळायलाही लावावा. पण भिंत अर्धी केली म्हणून वाजवणाऱ्याला समोरची माणसं दिसू लागतील, असं नाही. ताशावाल्याला ती दिसतात. तो वादकांपुढे उभा असतो, हाताच्या एका खुणेने चाळीस ढोल थांबवतो, आणि त्या थांबण्यावरच लोक ओरडतात. (कानठळ्या त्याही बसतातच, मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारा.)

हर्कची नजर आपल्याकडे बघायचीच असेल तर ठाणे-रायगडातल्या एखाद्या आगरी-कोळी हळदीला जावं. अंगणात मांडव, कोपऱ्यात दोन टेबलं जोडून डीजे बसलेला, समोर शंभरेक नातलग. तरुण पोरं सुरुवातीपासून नाचायला तयार असतात, त्यांची त्याला फिकीर नसते. त्याचं लक्ष खुर्च्यांवर बसलेल्या बायकांकडे. तो एक जुनं कोळीगीत लावतो, मोठ्याने नाही. एखादी मावशी पदर खोचते, नवरीच्या काकूला ओढते, आणि दोघी उठल्या की अख्खी रांग उठते. मग तो तेच गाणं दोनदा लावतो. जेवणाची पंगत बसायच्या आधी वेग उतरवतो, नाहीतर यजमान ओरडतो. एवढ्यात कुणी झिंगलेला भाचा टेबलावर हात आपटून भलतंच गाणं मागतो. डीजे मान हलवतो, ‘पुढचंच लावतो दादा’ म्हणतो, आणि मावशींकडे बघत तिसरं कोळीगीत चढवतो.