दान दिलं, पण देणं फिटलं का?

मॉस्कोचं एखादं जोडपं शनिवार-रविवार गाठून गूस-ख्रुस्ताल्नीला निघतं, ते बहुतेक वेळा काच बघायला. व्लादिमीरच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवरचं हे गाव भट्टीभोवतीच वाढलं. १७५६मध्ये अकीम माल्त्सोव या व्यापाऱ्यानं गूस नदीकाठी काचेचा कारखाना काढला. मालकांनी कामगारांसाठी बांधलेली लाल विटांची घरं आजही ओळीनं उभी आहेत. पण काच बघायची तर चर्चमध्ये शिरावं लागतं. क्रिस्टलचं संग्रहालय तिथेच आहे.

सेंट जॉर्जचं हे कॅथेड्रल लिओंती बेन्वा यांच्या आराखड्यावरून १९०३पर्यंत बांधून झालं. पैसा कारखान्याचे मालक यूरी नेचायेव-माल्त्सोव यांचा.

आत कपाटांतून फुलदाण्या, सुरया, पेले मांडलेत. सहाणेच्या चाकावर एकेक कंगोरा पाडलेली ही काच. बघणारा जरा हलला की तिच्यातला प्रकाश दुसऱ्या कडेवर उडी मारतो. वेदीमागच्या भिंतीवर व्हिक्तोर वास्नेत्सोव यांच्या चित्रावरून घडवलेलं मोझेइक आहे. आणि पाठ फिरवली की पश्चिमेच्या भिंतीवर त्यांचाच ‘अंतिम न्याय’: सुमारे सात मीटर उंच, जवळपास तेवढाच रुंद. मधोमध तराजू धरलेला देवदूत, एका बाजूला तरलेले, दुसऱ्या बाजूला आगीत कोसळणारे. हे चित्र पश्चिमेला काढायची चाल जुनीच. प्रार्थना आटोपून घरी निघालेल्या माणसाला ते बघूनच बाहेर पडावं लागे.

भट्टीपुढे घाम गाळणाऱ्यांना त्यांच्याच मालकानं हे दाखवावं, याची चीड येणं स्वाभाविक आहे. पण तराजू टांगणारा स्वतः तराजूबाहेर राहत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारलं जातं ते भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला वस्त्र दिलं का, तुरुंगातल्याला भेटलात का. देऊळ किती उंच बांधलं, हा प्रश्न त्या यादीत नाही. नेचायेव-माल्त्सोव यांचा हात खरोखर सढळ होता. मॉस्कोत १९१२मध्ये उघडलेल्या, आज पुश्किन यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ललितकला संग्रहालयाचा बहुतांश खर्चही त्यांनीच उचलला. त्या दानाचं मोल कमी लेखायचं कारण नाही. मात्र ज्यांच्या श्रमातून पैसा आला त्यांचं देणं वेगळं, आणि ते सौंदर्य विकत घेऊन फिटत नाही.

सोव्हिएत काळात चर्च बंद झालं. १९८३मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. उपासनेच्या जागी तिकीट आलं, हे भाविकाचं दुःख खरं आहे. पण म्हणून त्या तराजूची धार गेली, असं वाटत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, नव्वदच्या दशकात, इथल्या कामगारांच्या हाती पगाराऐवजी क्रिस्टलच पडे. झुंबरं, पेले घेऊन माणसं रस्त्याकडेला आणि रेल्वेच्या फलाटांवर गिऱ्हाईक शोधत उभी राहत. जुने मालक तर कधीच गेले होते, तरी घामाचा हिशेब चुकतच राहिला.

मग न्याय फक्त मालकाचा होणार का? गावात आजही क्रिस्टलचा बाजार आहे. चित्राखालून निघालेलं जोडपं तिथे फुलदाणीचा भाव विचारतं आणि सवयीनं तो पाडून मागतं. पाडलेल्या भावातली तूट कोणाच्या मजुरीतून जाते, हे विचारायची जबाबदारी तेव्हा त्या दोघांचीही असते.